बॅलन्स रूममधल्या पाटगावकर बाई

पाटगावकर बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रॅक्टिकलच्या परीक्षेवर उभी होते. मुलं ब्युरेट भरत होती, बाहेरगावचे परीक्षक चहा पीत होते, आणि बाई अजून कशा आल्या नाहीत म्हणून मी सारखी दाराकडे बघत होते. परीक्षेच्या दिवशी बाईंना उशीर होणं शक्यच नव्हतं. एवढ्यात शिपाई गणपा दारात आला आणि आत न येता तिथूनच म्हणाला, "मॅडम, जरा भाईर या की." सकाळी आंघोळ करून बाई वेणी घालायला बसल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं. मी आत परत गेले, एका मुलाचं रीडिंग चुकत होतं ते त्याला दाखवून दिलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण काय ऐकून आलो आहोत. ब्युरेटचा स्टँड धरून मी तशीच उभी राहिले…

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी पोचले तर बाईंना खाली घेतलं होतं. उशाशी दिवा लावलेला. आणि दोन बायकांचं काकांशी, म्हणजे बाईंच्या यजमानांशी, काहीतरी चाललं होतं. काका पुन्हा पुन्हा उठून पंखा लावत होते आणि वाऱ्यानं दिवा विझतो म्हणून त्या बायका पंखा बंद करत होत्या. काका कचेरीतून निवृत्त झालेले, जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेले. त्या दिवशी मात्र ते ओरडले, "अहो, राहू दे की पंखा! तिला उकडतं!" सगळ्यांना वाटलं, धक्क्यानं भ्रमिष्टासारखं करतायत. मला तसं वाटलं नाही. बाईंना उकडतं म्हणजे काय, हे त्या घरात काकांच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं.

कॉलेजात शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. बाई म्हणजे आमच्या विभागाची माउली. बाई म्हणजे हसतमुख. बाईंच्या देखरेखीखालचा चहा आणि बाईंनी पार पाडलेले निरोपसमारंभ… मी मागच्या बाकावर बसून वाट बघत होते की आता तरी कुणी म्हणेल, या बाई रसायनशास्त्रज्ञ होत्या. कुणी म्हणालं नाही. दोन मिनिटं उभं राहून सगळे घरी गेले. माझं डोकं असं तापलं होतं की त्याच दिवशी लिहायला बसले असते तर कागद जळला असता. आज दीड महिना होत आला. राग थोडा खाली बसला आहे, दुःख मात्र वर आलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी नेसरीची. सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास बी.एस्सी.ला कोल्हापुरात आले तेव्हा गावातल्या लोकांनी आबांना, माझ्या वडिलांना, विचारलं होतं, "पोरगीला काय कलेक्टर करतासा व्हय?" आबा म्हणाले, "करतो की. तुमच्या दाव्याचा निकाल लावायला कुणीतरी पायजेच." आबांचं हे असं. पण इथं आल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली. वर्गात मी "मी काल आलतो" म्हणाले की शहरातली पोरं खो खो हसायची. त्या आठवड्यात पहिल्यांदा आम्हाला बॅलन्स रूममध्ये नेलं. प्रयोगशाळेच्या टोकाला एक बोळकंडीसारखी खोली, तिथं काचेच्या पेटीतले तराजू. इतके नाजूक की माणसाच्या श्वासानं काटा हलतो. म्हणून खिडक्या कायमच्या बंद आणि छताला पंखा नाही. मी चिमट्यानं वजन उचलायला गेले, मागून कुणीतरी माझ्या बोलण्याची नक्कल केली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड," माझ्या शेजारून आवाज आला. "इथं श्वास धरायचा. काटा हलतोय बघ."

त्या पाटगावकर बाई. उंच, काळ्यासावळ्या, सुती नऊवारी सोडून नुकत्याच पाचवारीत आलेल्या आणि म्हणून पदर जरा जास्तच घट्ट खोचलेला. मी बाहेर जाऊन रडले. परत आले तर नक्कल करणारा मुलगा तेच वजन सातव्यांदा की आठव्यांदा करत होता आणि बाई त्याला शांतपणे सांगत होत्या, "पुन्हा कर बाळ. हसऱ्या माणसाचा काटा स्थिर होत नाही." दुपारी त्यांनी मला त्याच खोलीत बोलावलं आणि डब्यातली अर्धी भाकरी पुढं केली. तेव्हा मला दिसलं की त्या खोलीच्या कोपऱ्यात एक टेबल आणि एक खुर्ची आहे, खुर्चीवर बाईंची पिशवी आहे. मी विचारलं, "बाई, तुम्ही हितंच बसता?" बाई म्हणाल्या, "तात्पुरतं."

ते तात्पुरतं कुठून आलं ते पुढं मीच नोकरीला लागले तेव्हा कळलं. बाई विभागातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. त्या रुजू झाल्या त्या दिवशी विभागप्रमुखांनी, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, फार सौजन्यानं सांगितलं होतं, "स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पुरुष. गप्पा कशाही चालतात. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. तात्पुरतं बॅलन्स रूममध्ये बसा, मग बघू." स्टाफरूमला दोन पंखे होते, मोठ्या खिडक्या होत्या, वर्तमानपत्रं यायची. आणि खरी गोष्ट म्हणजे विभागातलं सगळं तिथं ठरायचं. कुणी कुठल्या शिबिराला जायचं, नवीन उपकरण कुणाच्या कामाला द्यायचं, कुणाचं नाव कुठं घालायचं… सगळं चहाच्या कपाबरोबर ठरायचं, आणि बाईंना ते नोटीस लागल्यावर कळायचं. एप्रिलमध्ये त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं की पाठीवरून घाम ओघळायचा. बाई तिथं बसून पेपर तपासायच्या. घाम कागदावर पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधायच्या.

मी एम.एस्सी. करून तिथंच डेमॉन्स्ट्रेटर लागले आणि माझीही खुर्ची बाईंच्या शेजारी बॅलन्स रूममध्येच पडली. तेव्हा बाईंचं डॉक्टरेटचं काम चाललं होतं. विषय त्यांनी स्वतः शोधलेला. आपल्याकडं गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळताना रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात घालतात. मळी वर येते, रस स्वच्छ होतो. हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं, पण ती भेंडी नेमकं काय करते आणि किती घातली तर काय होतं, हे बाईंना शोधायचं होतं. ते कळलं तर रंगासाठी गुळात पावडरी ओतायची गरज राहणार नाही, असं त्या म्हणायच्या. मार्गदर्शक होते मोठे सरच. विषय ऐकून ते म्हणाले होते, "बरा आहे. घरगुती आहे. बायकांना झेपण्यासारखा." बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. म्हणाल्या, "यांनी आयुष्यात काहील बघितली नसणार. घरगुती म्हणे!"

पण गुऱ्हाळात बाईला कोण उभं करणार? आमच्याकडं तर पेटत्या चुलवाणाजवळ बाईमाणसानं जायचं नाही, गूळ बिघडतो, असा सक्त रिवाज. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ, पण मीसुद्धा दारातूनच गरम गूळ खाल्लेला. तरी दिवाळीनंतर मी बाईंना एस.टी.नं नेसरीला नेलं. आबा दारातच आडवे आले. आबांच्या मागं आमचा गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा कारागीर, तुकाण्णा हाताची घडी घालून उभा.

"बाई, तुमी आमच्या सुशीच्या मास्तरीण. तुमचा मान हाय. घरात बसा, दूध घ्या. पण काहिलीजवळ न्हाय. गूळ बिघडतोय."

"बिघडला तर फारच बरं," बाई म्हणाल्या. "का बिघडला तेच तर मला शोधायचंय."

आबा तुकाण्णाकडं बघायला लागले, तुकाण्णा आबांकडं. मग तुकाण्णाच्या मिशीत हसू फुटलं. "येऊ द्या की वो मालक. न्हायतरी मागल्या साली बिघडला तवा कुटं बाई हुती हितं? चपला तेवढ्या भाईर काढा, बाई." बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. गूळ उतरला तो असा पिवळाधमक की आबांनी त्यातली पहिली ढेप बाईंच्या हातात दिली. त्यानंतर दर हिवाळ्यात बाई येत राहिल्या. उसाच्या चिपाडाच्या ठिणग्यांनी त्यांच्या तीन-चार साड्यांची चाळण झाली. वाफेत उभ्या राहून बाटलीत नमुना भरताना मी त्यांना बघायची. घामानं निथळत असायच्या, पण बॅलन्स रूममध्ये दमलेल्या दिसायच्या तशा तिथं कधी दिसल्या नाहीत. माझी आई म्हणायची, "ही बाई माहेरला आल्यागत हासतीया बघ."

काम झालं होतं. लिहायचं राहिलं होतं. प्रबंध लिहायला वर्षभराची अभ्यासरजा हवी होती, कारण घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, स्वयंपाक, दोन मुलं, आणि कॉलेजात सगळ्यांत जास्त प्रॅक्टिकल्स बाईंच्याच गळ्यात. दर वर्षी बाई अर्ज करायच्या आणि दर वर्षी मोठे सर म्हणायचे, "यंदा त्याला जाऊ दे. त्याला संसार चालवायचाय. तुमचे मिस्टर आहेत की कमावते." तो म्हणजे बाईंच्या हाताखालून गेलेला, वयानं लहान, हुशार मुलगा. आज तोच आमचा विभागप्रमुख आहे. एकदा बाई न राहवून म्हणाल्या, "सर, संसार काय मी चालवत नाही?" सर म्हणाले, "तेच तर म्हणतो, तुम्हाला आधीच किती काम." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी ऐंशीच्या आगेमागे आमच्या कॉलेजात गुळावरची एक परिषद भरायची ठरली. सरांनी बाईंना शब्द दिला: परिषद नीट पार पडू दे, पुढच्या जूनपासून रजा तुमचीच. बाईंच्या कामावरचा निबंध परिषदेत वाचायचा होता. सर म्हणाले, "तुम्हाला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नाही. मी वाचतो. तुम्ही स्वागताचं बघा, ते बाईमाणसालाच शोभतं." बाई रोज दीडशे मुलांसमोर बोलत होत्या! पण जूनची रजा समोर दिसत होती. त्यांनी निबंध सरांच्या हाती दिला.

तर त्या दिवशी सभागृहाच्या दारात निरांजनाचं ताट घेऊन बाई उभ्या, शेजारी अत्तरदाणी आणि पेढे घेऊन मी. येणाऱ्या पाहुण्याला कुंकू लावायचं, ओवाळायचं, आत सोडायचं. कुणी बडे पाहुणे उशिरा येणार होते म्हणून आम्हाला दार सोडता येईना. आत सरांनी बाईंचा निबंध वाचायला घेतला. मला तो पाठ होता. त्यातल्या प्रत्येक बाटलीला मी बूच लावलेलं. वाचून झाल्यावर एक वयस्क शास्त्रज्ञ उठले आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: काही वेळा भेंडी तेवढीच घालूनही रस गढूळ राहिला असं तुम्ही म्हणता, ते का? सर चुळबुळले. कागद पुढं-मागं केले. "ते… अभ्यासाधीन आहे," म्हणाले. बाईंचं नाव त्यांच्या ओठावर आलं नाही. दारात तर बाई उभ्या होत्या!

मी बाईंकडं बघितलं. मग त्या एक पाऊल उंबऱ्याच्या आत गेल्या. हातात ताट तसंच, निरांजन जळतंय. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भेंडी शिळी होती. आदल्या दिवशी तोडून ठेवली की तिचा चिकटपणा उतरतो. त्याच सकाळी तोडलेली घेतली तेव्हा रस एकदाही गढूळ राहिला नाही."

सगळं सभागृह मागं वळलं. ते शास्त्रज्ञ चष्मा वर करून म्हणाले, "आपण कोण?" बाईंनी तोंड उघडायच्या आत सर व्यासपीठावरून हसले. "आमच्या बाई. फार मदत असते त्यांची. आजचा चहासुद्धा त्यांच्याच देखरेखीखाली आहे बरं का!" लोक हसले. वाईट हसले असं नाही, आपण सगळे हसतो तसे हसले. ते शास्त्रज्ञ क्षणभर उभे राहिले आणि खाली बसले. बाई उलट्या पावली दारात आल्या. ताट कललं होतं, तापलेलं तूप त्यांच्या अंगठ्यावर सांडत होतं. त्यांना ते कळलं नाही. तेवढ्यात बडे पाहुणे आले, आणि बाईंनी त्यांना कुंकू लावलं…

संध्याकाळी मी बॅलन्स रूममध्ये गेले तर बाई तराजूपुढं बसलेल्या. पारड्यात काही नव्हतं. काटा मधोमध, जराही हलत नव्हता. मलाच हुंदका फुटला. मान न वळवता बाई म्हणाल्या, "सुशीला, काटा हलतोय." मी श्वास धरला. त्या बंद खोलीत आम्ही दोघी किती वेळ तशा बसलो होतो कोण जाणे. बाईंचा श्वास मला एकदाही ऐकू आला नाही.

जूनमध्ये बाई रजेचं विचारायला गेल्या. सर म्हणाले, "आता रजा कशाला? तुम्हाला तर सगळंच येतंय." झालं. एका उत्तराची किंमत डॉक्टरेट. नोंदणीची मुदत संपली, मुदतवाढीच्या अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते, ती मिळाली नाही. सर निवृत्त झाले तेव्हा प्रमुखपद बाईंना मिळायला हवं होतं, पण त्यांच्या नावामागं "डॉ." नव्हतं. ज्याच्या होतं तो प्रमुख झाला. तो माणूस वाईट नाही. दर दसऱ्याला सोनं द्यायला बॅलन्स रूममध्ये यायचा आणि बाईंच्या पाया पडायचा. पाया पडण्यात त्यानं कधी कसूर केली नाही. स्टाफरूममध्ये बाईंसाठी एक खुर्ची ठेवावी, हे मात्र त्याला कधी सुचलं नाही.

मुदत संपल्यावरच्या हिवाळ्यात बाई पुन्हा पिशवी घेऊन एस.टी. स्टँडवर हजर. मी म्हणाले, "बाई, आता कशाला?" तर म्हणतात, "माझी मुदत संपली ते भेंडीला थोडंच ठाऊक आहे?" गेल्या पौषापर्यंत येत होत्या. तुकाण्णा थकला, त्याचा मुलगा काहिलीवर आला, तोही बाईंना विचारायचा, "बाई, उतरवू का?" आणि हाताला धरून मला दुसऱ्या विद्यापीठात नोंदणी करायला लावली ती बाईंनीच. माझी डॉक्टरेट झाली त्या दिवशी त्या आमच्याच गुऱ्हाळाचा गूळ वाटीत घेऊन स्टाफरूममध्ये वाटायला गेल्या. सगळ्यांनी खाल्ला, माझं कौतुक केलं. बाई अर्धा तास तिथं होत्या. उभ्याच होत्या.

त्यांच्या जाण्यानंतर पंधरा दिवसांनी विभागात एक नवी मुलगी रुजू झाली. प्रमुख मला म्हणाले, "बॅलन्स रूममध्ये बाईंची खुर्ची रिकामीच आहे. नव्या मॅडमना तुमच्याबरोबर तिथं बसवा. तात्पुरतं." इतकी वर्षं शहरात राहून घासूनपुसून घेतलेली माझी भाषा त्या शब्दासरशी गळून पडली. मी म्हणाले, "तात्पुरतं काय न्हाय आता, सर." आणि बाईंची खुर्ची उचलली. ती नवी मुलगी घाबरली होती, पण तिनं दुसरी बाजू धरली. स्टाफरूममध्ये खिडकीपाशी, पंख्याखाली ती खुर्ची ठेवली. तिच्या दोन्ही बाजूंना आमच्या दोघींच्या. बाईंच्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही.

परवा काकांकडं गेले होते. बोलता बोलता ते मधेच उठले, घड्याळाकडं बघितलं आणि पंखा लावला. थंडी नव्हती, पण उकडतही नव्हतं. मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "सवय हो. साडेपाचला ती यायची. अंगाचं नुसतं पाणी झालेलं असायचं. चप्पल काढायची आणि पंख्याखाली बसायची, बोलायची नाही. म्हणून मी आधीच लावून ठेवायचो." पंख्याखालचा पाट तसाच होता. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. मग मी त्यांना खुर्चीचं सांगितलं. बाईंची खुर्ची आता स्टाफरूममध्ये आहे, खिडकीपाशी, पंख्याखाली.

काकांनी अगदी काळजीनं विचारलं, "वारा लागतो का गं तिथं नीट?"

"लागतो, काका."

"मग बरं झालं," ते म्हणाले.

आणि मग मला श्वास धरता आला नाही.